चारचौघींसारखे शिकणे

‘दूरस्थ शिक्षण’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्यातल्या ‘दूर’ या अक्षरांकडे आपले लक्षही जात नाही. दूर कोण, असे विचारले तर आपण मैल मोजू लागतो. खेड्यात राहणारा मुलगा दूर, नोकरीत अडकलेला तरुण दूर, संसारात गुंतलेली सून दूर. त्यांच्या घरापर्यंत विद्यापीठ पोचले की अंतर मिटले, अशी आपली समजूत असते. परंतु विद्यापीठ घरात येऊनही, पुस्तक समोर असूनही, ज्याच्यासाठी ते उघडत नाही असाही एक विद्यार्थी असतो. त्याचे अंतर मैलांत मोजता येत नाही. गेली तीन वर्षे अशा एका विद्यार्थिनीच्या सहवासात मला जे उमगले ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे माहेर बडोद्याचे आणि सासर इंदूरचे. बडोद्यात वाढलेल्या माणसाला सयाजीराव महाराजांचे नाव घेतल्यावाचून शिक्षणाविषयी बोलताच येत नाही. हा आम्हां बडोदेकरांचा गुण म्हणा की खोड म्हणा. महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. त्या व्यवस्थेत फिरत्या पेट्या होत्या. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात. वाचकाने ग्रंथालयाकडे जावे ही रूढ रीत. ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा त्या पेटीमागचा विचार. शंभर वर्षांनंतरही तो जुना वाटत नाही.

आपल्या देशातली दूरस्थ विद्यापीठे म्हणजे त्याच विचाराची पुढची पिढी. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९१ साली भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आधी टपालाने येणारे पाठ पुढे पडद्यावर आले. २०१७ साली केंद्र सरकारची ‘स्वयम्’ ही योजना सुरू झाली आणि २०२० च्या टाळेबंदीने तर सगळेच वर्ग घराघरांत आणून बसवले. पेटी गावापर्यंत नव्हे, थेट उशाशी आली. प्रश्न उरला तो तिच्या झाकणाचा.

माझ्या धाकट्या दिरांची नात डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने हळूहळू दृष्टी गमावत गेली. दहावी होईतो तिला मोठी अक्षरे दिसत होती. बारावीनंतर तीही दिसेनाशी झाली. पुढे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा घरातल्या सर्वांनी एकमुखाने दूरस्थ बी. ए. चा मार्ग सुचवला. घरबसल्या होईल, बसचे धक्के नकोत, गर्दी नको, शिवाय आजी इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, ती वाचून दाखवील! आजी म्हणजे मी. हिंदी माध्यमातला तो अभ्यासक्रम तिने घेतला आणि दुपारी ती माझ्याकडे येऊ लागली. मी चष्मा पुसून तयारीत बसले होते. पण तिला माझ्या वाचनाची फारशी गरजच नव्हती. तिने आपला संगणक उघडला आणि म्हणाली, “आजी, आधी हे ऐक.”

दृष्टिहीन व्यक्ती संगणक कसा वापरतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी एक प्रणाली असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. आमची नात वापरते त्या प्रणालीचे नाव एनव्हीडीए. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून ती विकसित केली. दोघेही स्वतः अंध. ती कोणालाही विनामूल्य मिळते आणि हिंदी-मराठीही बोलते. वाचणाऱ्याला सवय झाली की ती इतक्या वेगाने बोलते की, आपल्यासारख्याला एक शब्द कळू नये. ‘एच’ ही कळ दाबली की पुढचे शीर्षक, ‘टी’ दाबली की पुढचा तक्ता, अशी ती पानभर उड्या मारत जाते. म्हणजे डोळस माणूस पुस्तक चाळतो, तसेच ती कानांनी चाळते. वाचण्याची हातोटी तिच्याजवळ होती. वाचता येईल असे पुस्तक मात्र विद्यापीठाने दिले नव्हते.

तिने ऐकवलेल्या पहिल्या पाठात यंत्र म्हणत होते, “एच के के जे आर.” मी चक्रावले. पडद्यावर तर स्वच्छ ‘भारत’ असा शब्द दिसत होता! उलगडा पुढे झाला. तो पाठ कृतिदेव या जुन्या हिंदी टंकात लिहिलेला होता. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अशा टंकांत संगणकाच्या पोटात साठवलेली अक्षरे रोमनच असतात. केवळ त्यांची चित्रे देवनागरी असतात. डोळ्यांना ‘भारत’ दिसते, पण यंत्राला आतली रोमन अक्षरेच ठाऊक. आपल्या मराठीतही अनेक वर्षे अशाच टंकांत पुस्तके आणि नियतकालिके जुळवली गेली. दिसायला सगळे देखणे, आणि ऐकायला गेले तर निव्वळ बडबड.

दुसरा पाठ उघडला तेव्हा बडबडही नव्हती; नुसती शांतता. तो छायाचित्रांचा गठ्ठा होता. कोणीतरी मजकूर संगणकावर टंकला, कागदावर छापला, त्यावर शिक्का मारला, तो कागद पुन्हा यंत्राखाली ठेवून त्याची प्रतिमा काढली आणि ती प्रतिमा विद्यार्थ्यांना पाठवली. मूळ फाईल जशीच्या तशी पाठवली असती तर काम झाले असते. पण मधल्या तीन पायऱ्या चढून गेल्याशिवाय आपल्या कचेऱ्यांना मजकूर अधिकृत वाटत नाही.

तिसरा पाठ चित्रफितीचा. विषय पानिपतचा तिसरा संग्राम. अध्यापक मनापासून शिकवत होते, पण त्यांचे सारे शिकवणे बोटाच्या टोकावर होते. नकाशाकडे बोट दाखवून ते म्हणत, “ही इथून सेना आली, ही इकडून आली, आणि मग हे असे अडकले.” नात शांतपणे म्हणाली, “आजी, कोण अडकले, कुठे अडकले आणि ‘असे’ म्हणजे कसे?” शेवटी सराव-चाचणी. तीस मिनिटांची मुदत आणि पडद्यावरच्या बटणांना आतून नावेच दिलेली नव्हती. यंत्र म्हणत राहिले, “बटण, बटण, बटण.” कोणते उत्तराचे आणि कोणते परीक्षा संपवण्याचे, हे दाबून पाहिल्यावरच कळायचे. लेखी परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना दर तासाला किमान वीस मिनिटे जादा द्यावीत, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या हिशेबाने तिला दहा मिनिटे अधिक मिळायला हवी होती. घड्याळ मात्र सर्वांना एकच होते.

“मी वाचून दाखवते की,” असे मी म्हणाले. त्यावर ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही. “तू वाचशील हे मला ठाऊक आहे गं. पण तू वाचशील तेव्हाच मला वाचता येणार ना? परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता मला एकच परिच्छेद चार वेळा ऐकायचा असतो. कंटाळा आला की पाने उलटायची असतात. सगळ्या मुली करतात तसेच.” कोणत्याही प्रेमळ माणसाला हे ऐकून थोडे दुखावल्यासारखे होईल. पण वाचन ही किती खाजगी गोष्ट आहे, याचा विचार करून पाहावा. दुसऱ्याच्या सवडीने, दुसऱ्याच्या आवाजात, त्याला कंटाळा येणार नाही इतकेच वाचायचे, असे आयुष्यभर आपल्याला करावे लागले तर?

आपल्या परंपरेत अशा वेळी एक नाव हमखास निघते. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. तान्हेपणीच दृष्टी गेली, १८८१ ते १९१५ असे अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभले, आणि तेवढ्यात त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. आमच्या घरातही वडीलधारी मंडळी नातीला त्यांचे उदाहरण देत. हेतू तिचा धीर वाढवण्याचाच. एकदा ती हसून म्हणाली, “मला संत व्हायचे नाही, बी. ए. व्हायचे आहे.” या एका वाक्यात मला सगळ्या प्रश्नाचे मर्म सापडले. असामान्य बुद्धीचा मनुष्य कोणत्याही भिंतीतून वाट काढतो आणि आपण त्याचे चरित्र लिहितो. पण भिंत तशीच उभी राहते. व्यवस्थेची परीक्षा असामान्यांवरून होत नसते. कधी मन लावून, कधी टंगळमंगळ करत, पन्नास-पंचावन्न टक्के मिळवून पास होणारी साधी मुलगी तिथे निभावते का, हा खरा प्रश्न. डोळस विद्यार्थ्याला आपण सामान्य असू देतो. अपंग विद्यार्थ्याने मात्र एक तर अलौकिक व्हावे, नाही तर घरी बसावे, अशी आपली न बोललेली अपेक्षा असते.

विद्यापीठाला आम्ही पत्र लिहिले. उत्तर सौजन्याचे होते : प्रमाणपत्रासह अर्ज करावा, विशेष बाब म्हणून विचार होईल. अर्ज केला. दोन महिन्यांनी चारपैकी एका विषयाचे पाठ वाचता येतील अशा स्वरूपात आले. उरलेले तीन आलेच नाहीत. पुढच्या सत्रात नवे विषय, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा विशेष बाब. दरम्यान शेजारच्या एका मुलाने जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिला आणि प्रतिमांमधली अक्षरे ओळखणारी प्रणाली चालवून दिली. दोन्हींत चुका राहतातच. जोडाक्षरे तुटतात, तारखा बदलतात. त्या सुमारे चारशे पानांची मुद्रिते मी तपासली. मला त्यात आनंदच मिळाला. पण ज्या मुलीची आजी इतिहासाची प्राध्यापिका नाही, तिचे काय, हा विचार त्या आनंदाला सारखा टोचत राहिला. जे काम लिहिणाऱ्याने एकदा नीट केले की हजारांना पुरते, ते प्रत्येक घराने आपापल्या परीने नव्याने करायचे, यात कसला हिशेब आहे?

नियमांचा दुष्काळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा २००६ साली झाला आणि भारताने त्याला २००७ साली मान्यता दिली. आपल्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यातही वाट मोकळी झाली. अंध वाचकासाठी पुस्तकाचे रूप बदलणे हा आता गुन्हा नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची आंतरराष्ट्रीय सूत्रे १९९९ पासून आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेचे निकष प्रसिद्ध केले. सर्वोच्च न्यायालयाने तर ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले. म्हणजे वरच्या टोकाला न्यायालय आहे, खालच्या टोकाला वाट पाहणारी मुलगी आहे. मधल्या जागेत एक अध्यापक संगणकासमोर बसून पाठ लिहीत असतो. सगळे काही त्याच्या हातात आहे, आणि ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्याने करायचे तरी काय? मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. शीर्षक केवळ ठळक न करता त्याला शीर्षकाचीच शैली द्यावी, म्हणजे ऐकणाऱ्याला त्यावर उडी मारता येते. कागदाची प्रतिमा न पाठवता मूळ फाईल पाठवावी. चित्राखाली, त्यात काय आहे, ते दोन ओळींत लिहावे. चित्रफितीला तळाशी लिखित संवाद द्यावेत आणि ते एकदा तपासावेत. बोलताना ‘हे’ आणि ‘इकडे’ यांऐवजी नावे घ्यावीत. यांतल्या बहुतेक गोष्टींना वेगळे पैसे लागत नाहीत; सवय लागते.

पानिपतचा तो नकाशा मी नातीसाठी शब्दांत लिहून काढला. यमुना उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पानिपत आणि दिल्ली दोन्ही तिच्या पश्चिमेस, पानिपत उत्तरेला आणि दिल्ली दक्षिणेला. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन ठाकला. म्हणून दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेला आणि उत्तरेतून आलेला अब्दाली दक्षिणेला, अशी उलटी मांडणी झाली. मराठ्यांची घरची वाट शत्रूच्या छावणीतून जात होती, आणि १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली ती ही वाट उघडण्यासाठी. अवघी पाच-सहा वाक्ये. ती ऐकून माझा डोळस नातू, ज्याने तो नकाशा पाठ्यपुस्तकात पाहिला होता, म्हणाला, “अडकले म्हणजे असे होय!” एकीसाठी लिहिलेले दोघांना कळले. हा योगायोग नव्हे. चित्र शब्दांत मांडायचे तर ते आधी स्वतःला पुरते समजावे लागते, आणि ज्याला पुरते समजले त्याचे शिकवणे सर्वांनाच पोचते.

हेच इतर ठिकाणीही दिसते. लिखित संवाद मूकबधिर विद्यार्थ्यासाठी अत्यावश्यक. पण एका खोलीत चार माणसे बोलत असताना शिकणाऱ्या मुलालाही ते उपयोगी पडतात. ज्याचे हात थरथरतात त्याला माऊस न वापरता नुसत्या कळांनी काम करता यायला हवे. तीच सोय हात मोडलेल्यालाही लागते. अक्षरे मोठी करण्याची सोय तर माझ्या वयाच्या सर्वांनाच हवी. मात्र सगळ्यांचा फायदा होतो म्हणून हे करावे, असा युक्तिवाद मी करणार नाही. सांकेतिक भाषेतला पाठ कदाचित वर्गातल्या एकाच विद्यार्थ्याच्या कामी येईल. तो तेवढ्यासाठीच करायचा. त्या विद्यार्थ्यानेही इतरांएवढेच शुल्क भरलेले असते.

अध्यापकांची बाजूही मांडली पाहिजे. मी आयुष्यभर त्याच बाजूला होते. पाठ लिहायला मुदत अपुरी असते, प्रशिक्षण कोणी देत नाही, मानधन तुटपुंजे असते. गणिताची सूत्रे, भूमितीच्या आकृत्या, विज्ञानाचे प्रयोग हे सारे शब्दांत मांडणे कठीण आहे. त्याला तज्ज्ञ माणसे आणि पैसा लागेल. ते विद्यापीठांनी पुरवले पाहिजे. पण कठीण गोष्टींची सबब पुढे करून सोप्याही टाळल्या जातात, असा अनुभव आहे. नातीच्या चार विषयांत एकही सूत्र नव्हते. होता तो केवळ हिंदी मजकूर, जो कुणीतरी एकदा स्वच्छ टंकला होता.

यंदा ती बी. ए. झाली. छप्पन्न टक्के पडले. आमच्या परिचयातल्या एका मंडळाने तिच्या जिद्दीचा जाहीर सत्कार करण्याचे ठरवले, तेव्हा तिने नम्रपणे नकार दिला. “छप्पन्न टक्क्यांचा सत्कार दुसऱ्या कुणाचा करतात का?” असे तिचे म्हणणे. आता ती एम. ए. साठी दुसऱ्या विद्यापीठाची चौकशी करते आहे. दूरध्वनीवर ती शुल्क विचारत नाही, परीक्षाकेंद्र विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न असतो, पाठ युनिकोडमध्ये आहेत का. पलीकडच्या माणसाला बहुधा प्रश्नच कळत नाही.

आपल्या वाचकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक होत आले आहेत. बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला, हैदराबादला, बेळगावला. आज त्यांची मुले आणि सुना कुठे ना कुठे पडद्यावरून शिकवत असतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. आपला पाठ पाठवण्यापूर्वी पाच मिनिटे पडदा झाकून तो यंत्राकडून ऐकावा. काय ऐकू येते आणि काय नाही, हे ऐकल्यावर पुढचे काही सांगावे लागणार नाही.